सेनगावच्या अलीकडे राहिलेलं गाणं

आमच्या जीपवाल्याइतका भाविक माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. फरक इतकाच, की त्याचा देव सातासमुद्रापलीकडे मोकळे केस सोडून गिटार वाजवायचा. गोरेगाव ते सेनगाव या रस्त्यावर त्याची काळीपिवळी चालते आणि तिच्यात दुसऱ्या कुणाचं गाणं लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी गोरेगावच्या शाळेत शिकवतो आणि राहतो सेनगावला, त्यामुळे जाता-येता हे श्रवण मला चुकत नाही. उमेदीच्या काळात तो पुण्यात कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर होता. त्या गाडीत एक कॅसेट सापडली आणि माणूस कामातून गेला. आपल्या गायकाला तो 'उस्ताद' म्हणतो. नाव घेत नाही. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव खुशाल घ्यायला लागल्या, हा मात्र उस्तादांचं नाव विचारलं की अजून आरशाकडे बघतो. आरशाला उस्तादांचा फोटो टांगलेला आहे. गणपती खाली डॅशबोर्डवर आहेत आणि त्यांची काही तक्रार दिसत नाही.

त्याचे नियम कडक. अल्बम लावायचा तो पहिल्या गाण्यापासून, मधलं गाणं गाळायचं नाही आणि गिटार चालू असताना फोनवर बोलायचं नाही. एकदा एका पाव्हण्याने लग्नातलं काहीतरी लावा म्हटलं, तर त्याला मागच्या जीपमध्ये मानाने बसवून दिलं. वर्षानुवर्षं ऐकून आम्ही प्रवासीही बिघडलो. भाजी विकणाऱ्या मावशीला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण ढोल कधी पडणार हे तिला आधी कळतं आणि ती टोपली घट्ट धरते. बांगड्यावाले चाचा तर पक्के रसिक. "जवानी में अच्छा चिल्लाता था, बाद में सुधर गया," असं ते हळहळून सांगतात. मला थोडंफार इंग्रजी येतं म्हणून मी एकदा मावशीला अर्थ सांगायला गेलो, तर जीपवाल्याने गाडी बाजूला घेतली. "गुरुजी, रडणाऱ्या लेकराला आपुन अर्थ इचारतो व्हय?"  पुढे वर्गात कविता शिकवतानाही मला हे वाक्य आठवायचं आणि खडू हातातच राहायचा.

मग उस्ताद गेले. आजारपणात त्यांनी एक शेवटचा अल्बम केला होता, तो लोकांच्या हाती आला न आला तोच ते गेले. सुतक धरावं तशी जीप काही दिवस दारात उभी होती आणि परत आली तेव्हा जीपवाल्याने मिशी काढलेली होती. भावकीतलं लांबचं कुणी गेलं असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. बसायला जावं असं घर कुठलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी गेलं नाही. मला खरी गोष्ट माहीत होती, पण गायकासाठी माणसाचं सांत्वन कसं करतात ते मला येत नव्हतं.

त्यानंतर जीपमध्ये तो शेवटचा अल्बमच वाजू लागला. ढोल नाही, ओरडणं नाही, एक गिटार आणि एक थकलेला आवाज. दोन ओळींच्या मध्ये श्वास ऐकू यायचा. चाचांनी आधी नाक मुरडलं, म्हणाले बुढ्ढा थक गया. पण ते हळदी शिजवायचे दिवस होते. संध्याकाळी शेताशेतांतून वाफ उठायची, तिचा ओला पिवळा वास जीपभर व्हायचा, उन्हाचा शेवटचा तुकडा काचेवर यायचा आणि त्यात तो आवाज असा मिसळून जायचा, की आपण सेनगावला चाललोय की आणखी कुठे याचा विसर पडायचा. चाचाही डोळे मिटून बसू लागले. अडचण एकच होती. रस्ता नवा झाला होता. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर कुठलाही अल्बम संपून वर दोन गाणी व्हायची, आता शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आतच सेनगाव यायचं. मग जीपवाला टेप बंद करून त्यावर रुमाल टाकायचा. गाणं बसावं म्हणून तो गाडी हळू चालवायचा, मध्येच उतरून चाकातली हवा बघायचा, मागच्या जीपा पुढे निघून जायच्या आणि लोक टपावर थापा मारायचे. आधी शेवटचंच लाव, असं मी सुचवलं. "आरती आदी अन् कीर्तन मागून करतेत व्हय?" म्हणाला.

एका संध्याकाळी जीप सेनगावच्या स्टँडवर थांबली, त्याने टेप बंद करून रुमाल उचलला आणि मावशीने विचारलं, "काहून बंद करून राहिला रे रोज?"

 समोर बघतच त्याने सांगितलं, की हा माणूस गेला, हे त्याचं शेवटलं गाणं आहे आणि ते आपणही अजून ऐकलेलं नाही. "घरी लावाया बसलो व्हतो, मावशी. एकल्यानं ऐकवत न्हाई."

मावशीने त्याच्या ओठाकडे पाहिलं. मिशी अजून पुरती वाढली नव्हती. तिने उचललेली टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि दुःखाच्या घरी विचारतात ते विचारलं.

"मागं कोण हाय त्याचं?"

जीपवाल्याने आरशातून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "आपुन हाव की."

"मग लाव," मावशी म्हणाली.

कुणी उतरलं नाही. टपावर थाप पडली नाही. गाणं लहानच होतं. आधी गिटार थांबली, नुसता आवाज राहिला, मग आवाजही थांबला आणि श्वास तेवढा ऐकू आला. जीपवाल्याचे खांदे हलत होते. चाचांनी पुढे वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मलाही रडू आलं. ते उस्तादांसाठी होतं की या वेड्यासाठी, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आमच्याकडे दुःखाच्या घरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं, नुसतं उठून निघायचं असतं. मावशी तशीच उठली आणि टोपली घेऊन गेली. चाचांनी बांगड्यांची पेटी उचलली, तेही तसेच गेले. एकेक करून सगळे न बोलता उतरले. शेवटी मी उतरलो आणि दार हळूच लावून घेतलं. त्यानेही मला 'या' म्हटलं नाही.