मागून खोलायची गाडी

पत्रकात ‘आम्ही’ लिहायचं नाही, ‘आपण’ लिहायचं. हे मला दादाने शिकवलं. “आम्ही म्हटलं की वाचणारा दाराबाहेर उभा राहतो,” तो म्हणायचा. “आपण म्हटलं की आत येऊन बसतो, त्याचं त्यालाही कळत नाही.” मी ते मानलं. अर्नाळ्याच्या रस्त्याजवळच्या आमच्या गावात मी जेवढी पत्रकं लिहिली आणि खळ लावून भिंतींवर चिकटवली, त्या सगळ्यांत ‘आपण’ होतं.

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. तो मूळ गावातला, केळीच्या वाडीचा मालक, माझ्याहून बराच मोठा. मी बिल्डिंगवाला. परळची खोली सोडून वडिलांनी इथे फ्लॅट घेतला होता. फ्लॅटला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. आम्ही गावच्या बावखलातून भरायचो. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं मोठं तळं. आसपासच्या विहिरी त्याच्या जिवावर जगतात. एका बिल्डरला ते बुजवून त्याच्यावरून सरळ रस्ता न्यायचा होता, पलीकडच्या वाड्यांत इमारती उठवायच्या होत्या. दादाने आणि मी त्याविरुद्ध वर्षभर रान उठवलं. आता ग्रामसभेत ‘बावखल बुजवायचं नाही’ एवढा ठराव व्हायचा होता. गावातली मतं दादा आणणार, बिल्डिंगमधली मी.

त्याच दिवसांत दादाच्या अंगणात ती गाडी आली. परदेशी, दोन दारांची, जुनी, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या मेव्हण्याने मुंबईत कुठून तरी मिळवून दिली होती. बावखलाला वळसा घालून जाणाऱ्या आमच्या बोळातून येताना तिचं पोट तीनदा घासलं आणि अंगणात पोचता पोचता क्लच गेला.

“आपणच बदलू,” दादा म्हणाला. “गॅरेजवाला हिला हात लावायला घाबरेल.”

घाबरण्यासारखीच होती ती. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांच्या मध्ये, दोघांना जोडणारी एक लांब जाड नळी आणि नळीच्या आत फिरणारा दांडा. क्लच मात्र पुढे, इंजिनच्या पाठीला. म्हणजे पुढचा क्लच बदलायचा तर मागून खोलत यायचं. आधी सायलेन्सर, मग चाकांकडे जाणारे दांडे, मग गिअरबॉक्स, मग ती नळी मागे ओढायची, तेव्हा कुठे क्लचचं तोंड दिसणार. आम्ही गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवली आणि रविवारमागून रविवार तिच्याखाली घालवले. पाठीखाली गोणपाट, तोंडावर गंजाचा चुरा. क्लचची नवी प्लेट मेव्हण्याने बोटीवरून आणली. ती बरोबर मधोमध बसावी म्हणून मी पोफळीचा एक दांडका तासून तासून तिच्या मधल्या भोकाच्या मापाचा केला. ते काम मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. गाडीखाली पडल्या पडल्या आम्ही पत्रकाच्या ओळी जुळवायचो. मधेच दादा म्हणायचा, “रस्ता सरळ असता तर बिचारीचं पोट नसतं फाटलं.” मी हसायचो. मला तो विनोद वाटायचा.

“सभा रविवारी संध्याकाळी आहे,” त्याने सांगितलं. “पंचायतीच्या फळ्यावर मी स्वतः वाचून आलो.” मी तसं पत्रक लिहिलं. रविवारी संध्याकाळी आपण सारे शाळेत जमू या. बिल्डिंगच्या प्रत्येक जिन्यात लावलं.

त्या रविवारी सकाळी गिअरबॉक्स परत चढवायचा होता. जॅक म्हातारा, हळूहळू खाली बसायचा. दर थोड्या वेळाने त्याची दांडी खालीवर करून वर घ्यावा लागे, नाहीतर सगळं वजन नळीतल्या दांड्यावर येऊन तो वाकला असता. “तू धरून ठेव, मी बोल्ट घेऊन आलोच,” म्हणून दादा गेला. मी एका हाताने गिअरबॉक्स सांभाळत, दुसऱ्याने जॅक मारत पडून राहिलो. घामाने डोळे चुरचुरायला लागले तरी तो येईना.

आली ती दादाची आई. चहाचा कप ओट्यावर ठेवून खाली वाकली. “तू नाय गेलास सभेला?”

“सभा संध्याकाळी आहे, काकी.”

“संध्याकाली कोन घेतं? सगले सकालीच गेले शालेत. आता संपत आली असंल.”

“काकी, कोणाला तरी बोलवा ना, हे जरा धरायला.”

“कोन हाय घरात? सांगलं ना, सगले तिकडं.”

सोडून पळायला हवं होतं, असं नंतर मला अनेकांनी ऐकवलं. त्यांनी कोणी आपल्या हाताने तासलेल्या दांडक्यावर प्लेट बसवलेली नव्हती. मी धरून राहिलो. गाडी आपली होती ना.

दादा आला तो गावातल्या दोघांबरोबर, इस्त्रीचा शर्ट घालून.

“अजून धरून आहेस? वा, पत्रकवाले.”

“ठरावाचं काय झालं?”

“झाला. आम्ही रस्त्याला हो म्हटलं.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे आम्ही. गावातले.” तो उकिडवा बसला, आवाज समजावणीचा. “हे बघ, तुमची बिल्डिंगवाल्यांची गरज दोन बादल्यांची. उद्या नळाला पाणी आलं की बावखल कुठे होतं तेही विसराल. आम्हाला इथेच राहायचंय, आम्हाला रस्ता हवा.”

“आणि संध्याकाळची सभा?”

“तुझी माणसं आली असती तर भांडणं झाली असती. ती टाळली मी.” त्याने पाना माझ्याकडे सरकवला. “चल, एवढे बोल्ट आपण कसून घेऊ.”

आपण. कामाला हात हवा होता तेव्हा मी पुन्हा आत आलो होतो.

मी जॅकवरचा हात काढला. गिअरबॉक्स हळूहळू खाली बसायला लागला. दादा शर्टासकट गाडीखाली घुसला आणि मी बाहेर निघालो. चहावर साय धरली होती.

संध्याकाळी बिल्डिंगमधली माणसं ठरल्याप्रमाणे शाळेत आली. बायका आल्या, म्हाताऱ्यांना हात धरून आणलं होतं. दाराला कुलूप. तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून काढून आणलेलं पत्रक माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “हे तूच लिहिलंस ना?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बावखलात डंपर रिकामे झाले, रस्ता झाला. तो आमच्या बिल्डिंगखालूनच जातो आणि त्यावरून दादाची गाडी जाते. वळणावर तो गिअर बदलतो तेव्हा मी कान देऊन ऐकतो. जराही खरखर येत नाही. प्लेट बरोबर मधोमध बसली आहे.