पिपाणीच्या तोंडावर टेप

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्लायडिंग क्लबच्या हँगरमध्ये मिस्त्री एका ग्लायडरच्या डाव्या पंखाच्या धारेवरून पांढरी टेप खरवडत होता आणि तोंडानं शिव्या घालत होता. टेपखाली बोटाच्या पेराएवढं भोक होतं. ग्लायडरला इंजिन नसतं. वेग फार कमी झाला की पंखांची हवेवरची पकड एकाएकी सुटते. त्याच्या जरा आधी त्या भोकातून हवा ओढली जाते आणि वैमानिकाच्या कानामागे पिपाणी किंचाळते. क्लबच्या सगळ्या ग्लायडरना ती मिस्त्रीनंच बसवली होती.

पण गरम हवेबरोबर वर चढायचं तर हळू उडत घिरट्या घालाव्या लागतात, आणि मग पिपाणी थांबायचं नाव घेत नाही. म्हणून क्लबातले मुरलेले गडी गुपचूप भोकावर टेप लावायचे. आजची टेप जावयाची होती.

"मामा, तुमचं ते पोर फार रडतं हो," जावई हसत आला. "जरा तोंड बंद केलं तर बिघडलं कुठं?"

"माझी पोर रडायला नको म्हणून रडतंय ते, जावईबापू."

"तुम्ही जमिनीवरचे. वरचं आम्हाला शिकवू नका."

मिस्त्रीनं हातातलं पातं टाकलं आणि जावयाच्या कानाखाली आवाज काढला. जावयानंही सासरा बघितला नाही. त्याची मूठ जबड्यावर बसली, मिस्त्री पंख टेकवायच्या लोखंडी घोडीवर तोंडघशी आपटला, दोन दात फरशीवर पडले. दोघांना सोडवायला चार माणसं लागली.

मिस्त्री बेसिनवर रक्त थुंकत राहिला. एरवी उड्डाणाआधी पंखावरून शेवटचा हात त्याचा फिरायचा. आज फिरला नाही, आणि जावयानं दुसरी टेप लावली.

केबलनं ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचवर मिस्त्रीची मुलगी होती. मैदानाच्या त्या टोकाला हँगरमधली मारामारी पोचली नव्हती. तिनं नवऱ्याला नेहमीसारखं वर चढवलं.

पाऊण तासानं तो उतरायला वळला. उंची चार मजल्यांएवढी, वेग कमी, धावपट्टी निसटेल म्हणून वळण करकचून घेतलेलं. पिपाणी वाजली नाही. डावा पंख एकदम खाली गेला आणि ग्लायडर गिरकी घेत नाकावर आदळलं. भिंत कोसळावी तसा आवाज झाला.

मिस्त्री सगळ्यांच्या आधी पोचला. त्यानं कुऱ्हाडीनं काच फोडली, पट्टे कापले. जावयाच्या डाव्या पायातून हाड बाहेर आलं होतं आणि पेडलचा गज पोटरीत घुसला होता. मिस्त्रीनं तो पहारीनं वाकवला तेव्हा जावई गुरासारखा ओरडला.

"ओरड, ओरड. शुद्ध सोडू नकोस." मिस्त्रीनं कमरेचा पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला.

मुलगी धापा टाकत आली. तिनं मोडक्या पंखाच्या धारेवरची टेप पाहिली, मग बापाचं सुजलेलं तोंड.

"बाबा, तुम्ही बघितलं नाहीत?"

"नाही."

"मीच लावली," नवरा पुटपुटला.

"माहितीये. गप पड," ती म्हणाली.

पाय ठेवायचा की कापायचा, ते उद्या टेबलावर घेतल्यावरच ठरेल, असं संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं. क्लबच्या सेक्रेटरीनं दबक्या आवाजात विचारलं, उद्या उड्डाणं बंद ठेवू या का?

"आणि मी इथं भिंती मोजत बसू?" मुलगी म्हणाली. "चालू ठेवा. पण बाबांनी पंखाजवळून हात वर केल्याशिवाय मी केबल ओढणार नाही. कुणी का बसलेला असेना."

उद्या विंच दहाला सुरू होईल. एक वाजता मुलगी तिथून निघेल. ऑपरेशन दोनला आहे.