तात्यारावांचा सतरा कमानींचा पूल

आमचे भावोजी, तात्याराव, म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. सरकारी नोकरीत उभी हयात दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढली, आता नोएडात फ्लॅट आहे. पण बोलणं असं, की यमुनेवरचे सगळे पूल यांना विचारूनच बांधायला हवे होते. गेल्या वर्षी मुलाकडे, चैतन्यकडे, फ्रान्सला बोर्दो शहरात जाऊन आले आणि तिथल्या दोनशे वर्षांच्या दगडी पुलाचं असं पुराण लावलं, की दूधवाल्यालाही सोडलं नाही.

शुभदाताई त्यांची बायको, माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्या दहा पावलं पुढे चालतो. मेट्रोत ती चढली की नाही, हेही वळून बघत नाही. ताईचा गुडघा पार गेलेला. तरी दोघं फ्रान्सला जायच्या आधी पाच महिने ती रोज सकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारत होती. मला म्हणाली, "रेवती, चैतन्यने फोटोत दाखवलेला तो पूल एकदा यांच्याबरोबर चालायचाय. बास, एवढंच." मला तिची कीव आली आणि भावोजींचा रागही.

परवा रविवारी भावोजींनी नातलगांना बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. नव्वद फोटो. पुढे यांचं नाक, मागे पूल. ताई एकातही नाही.

"गारोन नदी, सतरा कमानी. मी जाऊन-येऊन पायी चाललो, बिल्कुल पायी. हिला कुठलं जमतंय? चौथ्या कमानीलाच टेकली. म्हटलं, थांब इथेच." आणि वर हसले. लाज कशाशी खातात ते या माणसाला कधी कळलंच नाही. पाहुणेही हसले.

ताई पोह्यांच्या बशा मांडत होती. "मी गेले होते पलीकडे," ती म्हणाली. "कठडा धरून, सावकाश. सतराही कमानी चालले, एकटीच. तुम्ही परत ट्रॅमने आलात. माझ्या शेजारूनच गेली ती. खिडकीत बसून मोबाइलवर स्वतःचेच फोटो बघत होतात."

भावोजींचा चेहरा उतरला, पण मिजास कुठली उतरायला?

"मग हाक मारायची ना मला," ते म्हणाले.

"मारली की," ताई म्हणाली. "लग्न झाल्यापासून मारतेच आहे."