दादाच्या सीटवर वहिनी

माझी वहिनी पिकअप चालवते असं सांगितलं की लोक आधी तिच्या उंचीकडे बघतात. ती माझ्या खांद्याला लागते, आणि मी काही ताडमाड नाही. पण नर्सरीतल्या कुंड्या आणि खताची पोती भरलेली गाडी ती अरुंद गल्लीत अशी मागं घेते की भल्याभल्यांनी बघत राहावं. नणंद-भावजयीचं तुम्ही जे ऐकता, ते आमच्या घरात नाही असं मी म्हणणार नाही. भांडतो आम्ही, कडाकडा भांडतो. पण माझा संसार मोडला आणि मी एक बॅग घेऊन या घरात परत आले, तेव्हा "किती दिवस राहणार?" हे तिनं एकदाही विचारलं नाही. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि म्हणाली, "वन्सं, हातपाय धुऊन घ्या, चहा टाकलाय." मी तिच्याहून लहान, एरवी अगं-तुगंच चालतं; ती मला "वन्सं, घ्या" म्हणते ते एक तर रागावली असेल तर, नाही तर मला रडू येऊ नये म्हणून. हे उपकार मी विसरलेले नाही, आणि विसरायचेही नाहीत.

गाडी खरी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. धिप्पाड माणूस, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, अडखळत का होईना. डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायचं विसरा. दादानं ते मानलं नाही आणि वहिनीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं लायसन्स काढलं, "तुम्ही बरे होईपर्यंत मी बघते" म्हणाली आणि स्टिअरिंग धरलं. पुढं कितीतरी दिवस ते "बरे होईपर्यंत" चालूच राहिलं.

अडचण होती सीटची. दादासारखा गडी इतकी वर्षं बसून बसून ड्रायव्हरच्या सीटचा फोम पार दबला होता. हा एवढा खड्डा! वहिनी त्यात बसली की तिला समोर रस्ता कमी आणि आभाळच जास्त दिसायचं. म्हणून ती खाली जुन्या चादरीची घडी घालायची. घडी सरकायची, कंबर तिरकी व्हायची. संध्याकाळी उतरली की दादाला दिसू नये म्हणून गाडीच्या आडोशाला दार धरून आधी नुसती उभी राहायची, कळ जिरली की मग पाऊल उचलायची. घर तिच्या कंबरेवर उभं होतं, आणि ती कंबर माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

"अगं, फोम भरून घे की!" मी म्हटलं.

"नको. त्यांची सीट आहे. उद्या गाडीवर आले आणि जागा बदललेली दिसली तर काय वाटेल त्यांना?"

"उद्या म्हणजे कधी?"

"वन्सं, तोंड आवरा."

घ्या! झालं बोलणं.

दादाचं तर त्याहून वरताण. आजारी पडल्यापासून त्यानं गाडीला हात लावला नव्हता. वहिनी रोज म्हणायची, "चला ना माझ्याबरोबर, शेजारी बसा, तेवढंच चार माणसं दिसतील." हा म्हणायचा, "मी... काय... क्लीनर आहे?" बसेन तर ड्रायव्हरच्या जागी, नाही तर दाराशी खुर्चीत, असा हट्ट. दिवसभर तिथंच बसून वहिनी गेली ती दिशा बघायचा, आणि ती आल्याबरोबर विचारायचा, ऑइल बघितलं का, टायरात हवा होती का. मला राग यायचा आणि कीवही.

अशात सीटचं जुनं कव्हर फाटलं. कुंड्यांची ओली माती, ओले कपडे, दिवसातून शंभरदा चढउतार; ज्या कडेवरून वहिनी घसरत खाली उतरायची ती कड आधी उसवली आणि मग फोमचा भुगा बाहेर डोकावायला लागला. आम्ही दुकान गाठलं. दुकानदारानं चकचकीत रेक्झिन पुढं टाकलं. "बघा ताई, एकदम रॉयल लुक!"

"मला राज्य करायचं नाहीये," वहिनी म्हणाली, "कुंड्या पोचवायच्यात."

आणि मग तिनं परीक्षा सुरू केली. नमुन्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, चपलेची माती त्यावर चोळली, ओल्या फडक्यानं पुसून डाग राहतो का पाहिलं. कव्हर उलटं करून आतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. दुकानदाराचा जीव खाली-वर होत होता. शेवटी त्यानं एक ताणलं जाणारं कव्हर दिलं, म्हणाला, हे सगळ्या गाड्यांना बसतं. सगळ्यांना बसणारं कुणालाच धड बसत नाही, हे आम्हाला घरी येऊन कळलं. खड्ड्यावर त्याच्या चुण्या पडल्या, मागचे हूक निसटले, आणि दोन दिवसांत ते गोळा होऊन वहिनीच्या पाठीमागं येऊन बसलं. परत केलं. दुसऱ्या दुकानात जाड कॅनव्हास आवडलं, पण तिथलाही माणूस म्हणाला, आधी फोम भरा, मग कव्हराचं बोलू. तिसऱ्याचंही तेच. फोमचं नाव निघालं की वहिनी पर्स उचलायची आणि चालू लागायची.

मग कुणीतरी कुशनवाल्या काकांचं नाव सांगितलं. काकांची एक रीत होती. रिकाम्या सीटचं माप ते घ्यायचेच नाहीत. "माणूस बसला की कापड कुठं ओढलं जातं ते बघायचं आणि तसं शिवायचं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते टेप आणि खडू घेऊन आमच्या अंगणात आले. कापड वहिनीनं आधीच पसंत केलं होतं: जाड, खरखरीत, मळखाऊ रंगाचं, आत पाणी न झिरपणारं. उतरायच्या कडेला दुहेरी शिवण आणि वरून रेक्झिनची पट्टी, हेही ठरलं.

"हं, जो बसणार त्याला बसवा," काका म्हणाले.

वहिनीनं सीटवरची चादरीची घडी काढून माझ्या हातात दिली. "माप ह्यांचं घ्या," असं म्हणत तिनं दाराशी बसलेल्या दादाकडे बोट केलं.

काकांनी दादाकडे बघितलं, काठीकडे बघितलं. "गाडी कोण चालवतं?"

"मीच. पण सीट त्यांची आहे."

"मग बाई, तुम्ही बसता कुठं?"

दादा खुर्चीतून ऐकत होता. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. "ती... घडी... कशाला?"

"असंच हो," वहिनी घाईघाईनं म्हणाली.

आता मात्र माझं डोकं सटकलं. "असंच काय असंच? दादा, तुझ्या त्या खड्ड्यात बसून बसून हिची कंबर गेलीय. रोज रात्री मी चोळून देते. तुला कळू द्यायचं नाही, तुझी जागा हलवायची नाही, आणि स्वतः मात्र मोडून पडायचं, असा हिचा कारभार आहे!"

"वन्सं!" वहिनी ओरडली.

दादा काठीवर भार देऊन उठला. वहिनी धावली, ड्रायव्हरचं दार उघडून सीट ओढणीनं झटकायला लागली. मला वाटलं, झालं, आता हा चढायचा हट्ट धरणार आणि पडणार. तो दारापाशी आला. काठी दाराला टेकवून उजव्या हातानं त्यानं तो खड्डा दाबून बघितला, अगदी तळापर्यंत. बराच वेळ हात तिथंच होता. मग वळला आणि बॉनेटला धरत, पाय ओढत, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला.

"दार... उघड," मला म्हणाला.

मी उघडलं. हात द्यायला गेले तर असा डोळे वटारून बघितलं की मी मागं सरले. कडी धरून, दम घेऊन, घामानं निथळत तो चढला आणि बसला. क्लीनरच्या जागी.

"काका," तो म्हणाला, "माझं माप... इथं घ्या. आणि ती सीट... भरा. तिच्या उंचीनं."

काकांनी टेप उलगडला. डाव्या अंगाला तोल जातो हे बघून त्या कडेला जरा उंच उशी बसवू म्हणाले, म्हणजे वळणावर सरकायला होणार नाही. त्याचं झाल्यावर त्यांनी वहिनीला खूण केली. ती चढली. काकांनी तिच्याखाली फोमचे तुकडे एकावर एक सरकवले. "दिसतोय का रस्ता?" "अजून थोडं." "आता?" "हं. आता दिसतोय."

देवाशप्पथ सांगते, या बाईनं मला घरात घेतलं, दादाला सावरलं, पण स्वतःसाठी वीतभर जागा मागितली नव्हती. ती आज तिला मिळाली, आणि ज्याची होती त्यानंच ती दिली.

दादा शेजारून तिच्याकडे बघत होता. तिला त्या जागी बसलेली तो पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होता.

"बरी... दिसतेस," तो म्हणाला.

"काय?"

"तिथं. बरी दिसतेस."

वहिनीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. दादानं चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला. काका खडू हातात धरून दाराशी थांबले होते.

"होऊ द्या सावकाश," ते म्हणाले. "मापाची काही घाई नाही."