वरची पट्टी

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येईपर्यंत तिला काय झालंय ते तो सांगून मोकळा व्हायचा. "पंखा घासतोय." "तिसरा सिलिंडर आळस करतोय." गाडीचा मालक बिचारा अजून सीटचा पट्टाच सोडत असायचा.

गॅरेजचा नियम एकच होता. काम झालं की गाडी फाटकापाशी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि कानसेननं डोळे मिटून ऐकायचं. त्याची मान हलली की किल्ली मालकाच्या हातात. पंचवीस वर्षं त्या मानेवर धंदा चालला होता. पाटीवरचं नावसुद्धा पुसट झालं होतं आणि ते रंगवून घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती.

ऐकण्यापुरता तो स्थिर. एरवी पायाला भिंगरी. जेवायला बसला तरी उजवा पाय टेबलाखाली आपटत राहायचा. बायको म्हणायची, "खालच्या मजल्यावरच्यांना वाटत असेल, आम्ही वर शिवणयंत्र चालवतो."

अशा माणसाकडे दातांच्या डॉक्टरबाई आपली स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली, दिसायला झकास. पण घाटात त्यांना एका टँकरनं मागे टाकलं होतं.

"दुधाचा टँकर हो!" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना इंजिनाची ताकद वाढवून हवी होती, तीही महिनाअखेरच्या शुक्रवारच्या आत. शनिवारी त्या पुन्हा त्याच घाटात जाणार होत्या. टँकर भेटेल अशी त्यांना आशा असावी.

त्यावर उपाय सुपरचार्जर. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा हवेचा पंप इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबतो, आणि जास्त हवेबरोबर इंधनही जास्त जळतं. पण ती वाढलेली ताकद चाकांपर्यंत पोचवायची तर जुना क्लच पुरत नाही, तो घसरायला लागतो. म्हणून कानसेननं आधी गिअरबॉक्स उतरवून दणकट क्लच बसवला. नवा क्लच रुळायला आठशे किलोमीटर गाडी गावातल्या गावात, हळूहळू चालवावी लागते. डॉक्टरबाईंनी हात जोडले. "ते तुम्हीच करा. माझ्यात तेवढा संयम नाही." जणू याच्यात पोत्यानं भरला होता.

मग सुपरचार्जर बसला, आणि खरी चुळबुळ सुरू झाली.

सुपरचार्जर शीळ घालतो. इंजिन चढत जाईल तशी शीळही चढत जाते. काही वर्षांपूर्वी त्यानं असे दोन बसवले होते आणि ती शीळ त्याच्या डोक्यात पक्की होती. आता इंजिन चालू केलं तर घुरघुर नेहमीची, पट्ट्याची सळसळ नेहमीची, पण शीळ नाही. दाब दाखवणारी सुई मात्र जिथे हवी तिथेच होती.

"सुई खोटं बोलते," तो म्हणाला. "आवाज कधी खोटं बोलत नाही." आणि त्यानं सगळं उघडलं.

आत काही सापडलं नाही. परत बसवलं, परत चालू केलं, शीळ नाही. दुसऱ्यांदा उघडलं. पट्टा नवा टाकला, सुईची नळी बदलली, पंपाची पाती बोटानं फिरवून पाहिली. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा शेजारच्या शेडमधला वेल्डर चहाचा पेला घेऊन बघायला आला.

"काय झालंय रे?"

"आवाज बरोबर येत नाही."

वेल्डरनं गंभीरपणे मान हलवली आणि तो निघून गेला.

खरी गोष्ट अशी होती की गाडी पहिल्या दिवसापासून शीळ घालत होती, आणि तीही अशी की समोरच्या शिंप्यानं खिडकी लावून घेतली होती. सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. पण कानसेनला आवाजातलं सांगणार कोण? वेल्डरला वाटलं, ह्याला त्या शिळेच्या आतलं काहीतरी ऐकू येत असणार, आपल्याला काय कळतंय! माणसाचं नाव फार मोठं झालं की त्याला साधी गोष्ट सांगायला कुणी धजत नाही.

घरीही काही धड चाललं नव्हतं. बायकोनं बटाटे लावले होते. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा," असं सांगून ती शेजारी गेली. हा कुकरपासून चार हातांवर खुर्चीत बसून पाय आपटत शिट्टीची वाट बघत होता. बायको परत आली तेव्हा आतलं पाणी आटून बटाट्यांचा कोळसा झाला होता.

"तुम्ही माझं कधी ऐकतच नाही!"

"अगं, वाजलीच नाही शिट्टी."

"जिन्यात ऐकू येत होती मला!"

लग्न होऊन गेलेली मुलगी फोनवर बोलायची तेव्हा तिचे शब्द त्याला तुटक यायचे. वर्षभरात त्यानं दोन फोन बदलले होते. दोष फोनचा, दोष कुकरचा, दोष सुईचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

शुक्रवारला चार दिवस उरले. आठशेपैकी सहाशे किलोमीटर झाले होते. सिग्नल, चौक, वळण, पुन्हा सिग्नल. पाय क्लचवर, जीव टांगणीला. शीळ नसलेला सुपरचार्जर मी डॉक्टरबाईंना कुठल्या तोंडानं देऊ, एवढा एकच विचार. फाटकापाशी डोळे मिटून मान हलवायची वेळ येणार होती आणि ती हलणार नव्हती. त्याला खरोखर भीती वाटत होती.

त्या दिवशी बायकोला चष्मा आणायला जायचं होतं, म्हणून ती गाडीत बसली. बसली म्हणजे आधी वाकली, मग घसरली.

"ही गाडी आहे की घमेलं?" पहिला चौक ओलांडला तशी ती म्हणाली, "आणि शीळ तरी केवढी घालते ही माझी सवत!"

"कोण?"

"ही. गाडी. कानात घुसतेय नुसती."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करताना भुवया उडवायची. भुवया जागच्या जागी होत्या.

"आत्ता येतेय?"

"आत्ता, मघाशी, निघालो तेव्हापासून. आणि तुम्ही पाय दाबलात की दुसरं काहीतरी चिवचिवतं. पाय काढलात की गप्प."

त्यानं गाडी कडेला घेतली. पाय दाबल्यावर चिवचिव, सोडल्यावर गप्प, हे गॅरेजमध्ये नवा आलेला माणूसही ओळखेल. क्लचचं बेअरिंग. घाटात ते अडकलं असतं तर क्लच सुटलाच नसता. नसलेला दोष शोधायला त्यानं तीनदा सुपरचार्जर उघडला होता आणि असलेला दोष पायाखाली घेऊन सहाशे किलोमीटर फिरला होता.

"डोळे मीट," तो म्हणाला. "आवाज आला की सांग."

त्यानं हलकेच पाय दाबला. "आला," ती म्हणाली. सोडला. "गेला." मग त्यानं उगीचच थांबून, फसवून पाहिलं. ती फसली नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा तो स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता.

"म्हणजे परवा कुकर..." ती म्हणाली आणि थांबली. वर्षभर ती जे भांडत आली होती ते सगळं तिला एकदम आठवलं असावं. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ऐकत नाही."

"मलाही वाटायचं, तू हळू बोलतेस."

चष्म्याचं दुकान राहिलं बाजूला, दोघं कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून बरी चालत आलेली रेघ उजवीकडे कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलं होतं, इतकी वर्षं हातोडे आणि इंजिनं ऐकून. यंत्र लावून थोडा उपयोग होईल, पण पूर्वीसारखं नाही, असं डॉक्टर म्हणाला.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला, नवं बेअरिंग बसलं, उरलेले किलोमीटर झाले. शुक्रवारी सकाळी त्याच्या मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळे मिटायचे, मान हलवायची, कुणाला कळणार आहे? गाडी तर आता ठीकच होती. फाटकापर्यंत गाडी नेताना त्यानं तेच ठरवलं होतं.

पण डॉक्टरबाई आल्या, वेल्डर पेला घेऊन आला, इंजिन चालू झालं, आणि सगळे त्याच्या मानेकडे बघायला लागले. त्याला ते सहन होईना.

"बाई, सुपरचार्जर मी तीनदा उघडला. त्याला काही झालं नव्हतं. झालंय ते माझ्या कानांना. क्लचचं बेअरिंग वाजत होतं तेही मला कळलं नाही, हिनं सांगितलं. ते बदललंय. पण गाडी बरी आहे हे आज मी सांगू शकत नाही."

वेल्डर पुढे आला. "अरे, पहिल्याच दिवशी बोंबलत होती ती! मला वाटलं, तुला त्यातलंही काही वेगळं..."

"सांगायचं होतंस."

"तुला?" वेल्डर म्हणाला.

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कपाळाला आठी घातली नाही. "मग कोण सांगू शकतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती नवा चष्मा लावून फाटकाशी उभी होती. ती पुढे आली, गाडीच्या नाकापाशी थांबली आणि चष्मा काढून डोळे मिटले. क्षणभरानं एक डोळा उघडला.

"पाय थांबवा तुमचा. मला ऐकू येत नाहीये."

त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय फरशीवर आपटत होता. तो आपटताना आवाज होतो हे त्याला माहीत होतं, पण आपण तो किती वर्षं दुसऱ्यांना ऐकवतोय हे आत्ता कळलं. त्यानं पाय थांबवला.

तिनं मन लावून ऐकलं. डॉक्टरबाईंना गाडीत बसवून क्लच दाबायला लावला, सोडायला लावला, पुन्हा दाबायला लावला. मग तिनं मान हलवली. "जाऊ द्या."

गाडी रस्त्याला लागली, शिंप्याच्या दुकानावरून पुढे गेली, कोपऱ्यावर वळली. वेल्डर पेला घेऊन आत गेला.

"गेली," कानसेन म्हणाला.

"अजून नाही," बायको म्हणाली. तिची मान थोडी कललेली होती.

तो रिकाम्या रस्त्याकडे बघत तिच्याशेजारी पाय न हलवता उभा राहिला, ती "आता गेली" म्हणेपर्यंत.