मुखरू पेंटरचं मोहाचं झाड

मुखरूभाऊंनी हिमालय पाहिलेला नाही. नागपूरच्या पुढे ते कधी गेलेच नाहीत. तरी नागभीडमध्ये त्यांचे सात हिमालय आहेत. एक कटिंगच्या दुकानात, दोन चहाच्या हॉटेलांत, एक डेअरीवर, एक पिठाच्या गिरणीत. उरलेले दोन मालकांनी चुना मारून बुजवले, पण मुखरूभाऊ ते अजून धरतात. प्रत्येक हिमालयात तीन शिखरं, देवदाराची झाडं, निळं तळं आणि तळ्यात दोन बदकं. ती बदकं नसून हंस आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे.

तीस वर्षं ते गावाचे पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागच्या बाजू, निवडणुकीच्या भिंती. मग फ्लेक्स आला. गेल्या वर्षभरात त्यांनी चार नंबरप्लेटी रंगवल्या आणि एका फाटकावर ‘येथे गाडी लावू नये’ असं लिहिलं. त्याच्यापुढे कायम गाडी उभी असते, त्यामुळे तेही कोणाला दिसत नाही.

मी मराठीत एम.ए. झालो आणि घरी बसलो. घरी बसवेना म्हणून स्टेशन रोडच्या टपरीवर बसू लागलो. मुखरूभाऊ तिथे आधीपासून बसलेले होते. अशी मैत्री झाली.

फेब्रुवारीच्या शेवटी काम आलं. बारा किलोमीटरवर पळसबोडी नावाचं गाव आहे. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात, तशी एक तिथेही आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं सुंदर गाव स्पर्धेत भाग घेतला होता. शाळेची लांब भिंत रंगवायची होती. विषय होता ‘आपला जिल्हा, आपला वसंत’. सरपंच इंदुताई टपरीवर उभ्या राहूनच बोलल्या.

“मुखरूभाऊ, पंधरा तारखेले समिती येऊन राह्यली. भिंत पसंत पडली तं आजूबाजूच्या गावांच्या भिंती मी तुमाले मिळवून देईन. नाई पडली तं चुना मारून फ्लेक्स लावीन. फ्लेक्सवाला तयारच बसला हाय.”

मुखरूभाऊंचा चहा निवला. इंदुताई गेल्यावर ते म्हणाले, “कुलदीप, हे भिंत गेली तं मी ब्रश गिरणीत ठेवून देतो. पीठ झाडाले कामी येतीन.”

ते विनोद करत नव्हते.

आम्ही माझ्या मोटारसायकलवर रोज पळसबोडीला जाऊ लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. काटेसावरीवर एक पान नव्हतं, नुसती लाल फुलं आणि त्यांत भांडणाऱ्या साळुंक्या. कुसुमाला नवी पालवी फुटत होती, तीही लाल. धान कापून झालेल्या बांध्यांत गुरं मोकळी चरत होती. मी वळून वळून दाखवत होतो. मागे बसलेले मुखरूभाऊ डोळ्यांत धूळ जाते म्हणून डोळे मिटून होते.

भिंतीच्या डाव्या टोकाला त्यांनी चंद्रपूरचा जटपुरा गेट काढला. तो छान जमला. गेटमध्ये एक ऑटो आणि एक गाय समोरासमोर अडकलेली काढली, तीही जमली. त्यामागे वीज केंद्राच्या चिमण्या. इंदुताई पाहून म्हणाल्या, “धूर थोडा कमी करा भाऊ, वसंत हाय.” त्यानंतर घोडाझरीचा तलाव. त्यात दुसऱ्याच दिवशी दोन हंस आले. मग सातबहिणीचे डोंगर आले.

“भाऊ, डोंगरावर हे पांढरं काय आहे?”

मुखरूभाऊंनी शिडीवरूनच मान मागे नेली. बराच वेळ पाहिलं.

“हात गेला बे,” ते म्हणाले.

सातबहिणीवर बर्फ पडलं होतं. त्याचे ढग केले. पण उजव्या टोकाला त्याहून मोठा घोटाळा झाला होता. मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात तिथे एक देवदार उभा राहिला होता. त्याच्याखाली चार हात बर्फ. त्यावर मातीचा रंग द्यायचा तर दोनदा द्यावा लागला असता आणि तेवढा रंग उरला नव्हता.

मुखरूभाऊ विडी ओढत बसून राहिले. मग उठून त्यांनी पांढऱ्यात थोडा पिवळा घातला. बर्फाचे गोल गोल ठिपके केले. ती जमिनीवर पडलेली मोहाची फुलं झाली. फुलं झाली म्हणून वर मोहाचं झाड लागलं. देवदाराचा बुंधा जाड केला. फांद्या फोडल्या. एक फांदी उजवीकडे जास्त गेली, तिला तशीच ठेवली. ब्रश घसरून बुंध्यावर एक ठिपका पडला, त्याची गाठ केली. जेवणाच्या वेळेपर्यंत पक्का मोहा तयार झाला.

मी पाहतच राहिलो. पाच वर्षं साहित्य शिकून मला असं काही शिकवलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली. खऱ्या झाडाखालची नव्हे, भिंतीवरच्या. बाकी भिंतीपुढे पाचोळा आणि बकरीच्या लेंड्या तशाच होत्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे रानातल्या मोहाच्या झाडांचा कागद नसतो, पण मालक असतो. कोणतं झाड कोणत्या घरचं, हे गावाला पाठ असतं. फुलं पडायच्या आधी जो झाडाखालचा पाचोळा काढून जागा साफ करतो, त्याचं झाड. मग तिथलं एक फूल दुसरा कोणी उचलत नाही.

म्हणजे भिंतीवर कोणीतरी हक्क लावला होता.

बायनाबाई खराटा घेऊन शाळेच्या पायरीवरच बसल्या होत्या. वय सत्तरच्या आसपास.

“बाई, इथी काऊन झाडलं?” मुखरूभाऊंनी विचारलं.

“माह्यं झाड हाय तं मी नाई झाडन तं कोन झाडन? बोडीच्या पाळीवरचं हाय हे. थे फांदी पाहा, उजवीकडं गेलेली. माह्या सासरा त्याच फांदीवरून पडला होता. पाय मोडला त्याचा.”

मुखरूभाऊंनी फांदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी त्या जागेभोवती बोराट्यांचं काटेरी कुंपण होतं. ते लटारूभाऊंनी घातलं होतं. लटारूभाऊ बायनाबाईंच्या शेजारीच राहतात आणि भिंतीआधीपासून भांडतात.

“फांदी-बिंदी सोडा, हे बोडीखालचं आमचं झाड हाय,” लटारूभाऊ म्हणाले. “बुंध्यावरची गाठ पाहा. तिथी आमचा बैल अंग घासे. पंधरा वर्स घासलं त्यानं. बैल मेला, गाठ राह्यली. पेंटरभाऊनं बरोबर काढली.”

“तुह्या बैलानं माह्या झाडाले घासलं, मंग झाड तुह्यं झालं काय?” बायनाबाई ओरडल्या. “मंग तुह्या बैल माह्या घराच्या भिताडालेही घासे. घर नेतं काय?”

शाळेची पोरं कुंपणात अडकू लागली. गुरुजींचं धोतर नव्हे, पण नवी पँट फाटली. गावात दोन बाजू पडल्या. इंदुताई आल्या, कमरेवर हात ठेवून.

“मुखरूभाऊ, रविवारी सकाळी सगळ्यायले इथी बोलावते. झाड कोनाचं थे तुमी सांगाचं. मिटलं तं ठीक. नाई तं सोमवारच्या आधी चुना. समितीपुढं मले तमाशा नाई पाह्यजे.”

त्या गेल्यावर मी सोपा उपाय सांगितला. फांदी काढा, गाठ पुसा. झाड कोणाचंच राहणार नाही.

मुखरूभाऊंनी ब्रश घेतला. शिडीवर चढले. वर उभे राहिले. आणि तसेच उतरले.

“काय झालं?”

“फांदी काढली तं बायनाबाईचा सासरा कुठून पडन?”

मला वाटलं ऊन लागलं असेल.

“कुलदीप,” ते हळूच म्हणाले, “तीस वर्सांत हिमालयाले कोनी म्हटलं नाई, हे माह्यं हाय म्हणून. एकानंही नाई.”

रविवारी अख्खं गाव भिंतीपुढे जमलं. बायनाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. लटारूभाऊंनी मेलेल्या बैलाची घंटा पुरावा म्हणून आणली होती. इंदुताई म्हणाल्या, “बोला पेंटरभाऊ. कोनतं झाड पाहून काढलं?”

मुखरूभाऊंनी टोपी काढली. खोटं बोलून एकाला झाड दिलं असतं, तर दुसऱ्यानं भिंत ठेवली नसती. खरं बोलले असते, तर भिंतीत काही उरलं नसतं. मी मान खाली घातली.

“झाड कोनाचंच नाई,” ते म्हणाले. “हा देवदार होता. खाली फुलं नाई, बर्फ होतं. माह्या हात चुकला. मी तुमचं कोनतंच झाड पाह्यलं नाई.”

मग मागून कोणीतरी फसकन हसलं आणि सगळा गाव हसत सुटला.

“पळसबोडीत बर्फ!” बायनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “भाऊ, खोटं बोलाचं तं पटन असं तं बोला!”

“नाई पाह्यलं तं माह्या बैलाची गाठ कुठून आली?” लटारूभाऊंनी विचारलं.

“आन माह्यी फांदी?”

“तेच तं म्हणतो बाई! पेंटर भिऊन राह्यला. कोनाले दुखवाचं नाई म्हणून बर्फ-बिर्फ सांगते.”

कित्येक वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मुखरूभाऊ लबाड आहेत, यावर. मुखरूभाऊ शपथ घ्यायला निघाले, तेव्हा इंदुताईंनी त्यांना हातानं खाली बसवलं.

पुढचं भावाभावांत झाड वाटतात तसं झालं. उजवी बाजू बायनाबाईंची, डावी लटारूभाऊंची, बुंधा गावाचा. कुंपण काढायचं. एकच अट: खालची फुलं दोन्ही बाजूंना सारखी पाहिजेत. मुखरूभाऊ दुपारपर्यंत फुलं काढत होते. डावीकडे दोन काढली की उजवीकडून हाक यायची.

सोमवारी समिती आली. चष्मा लावलेल्या एक मॅडम गेटपुढे थांबल्या, तलावापुढे थांबल्या, मग उजव्या टोकाला आल्या.

“हे कोणतं झाड?” त्यांनी सहज विचारलं.

चाळीस माणसं एकदम बोलू लागली. बायनाबाईंनी सासरा पाडून दाखवला. लटारूभाऊंनी घंटा वाजवली. मॅडम तासभर लिहीत होत्या. पळसबोडीला तिसरा नंबर मिळाला. इंदुताईंनी चुन्याची पोती शाळेच्या खोलीत परत ठेवली आणि शब्दाप्रमाणे शेजारच्या दोन सरपंचांना भिंत पाहायला घेऊन आल्या. दोघं अजून विचार करत आहेत.

एप्रिलच्या मध्यात बायनाबाईंचा फोन आला. मुखरूभाऊंनी स्पीकर लावला.

“भाऊ, रानातला मोहा सरला. भिताडावर अजून पडूनच हाय! येणारे-जाणारे म्हणतेत, बायनाबाई औंदा वेचाले गेलीच नाई काय. माह्यी निरा इज्जत चालली. या आन उचला ते.”

आम्ही गेलो. इंदुताईंनी मातीच्या रंगाचा अख्खा डबा काढून ठेवला होता. फुलं उचलली गेली. मग लटारूभाऊ म्हणाले, फुलं सरली की झाडाला पालवी येते, हे भिंतीवरचं असं बोडकं काऊन?

“पालवी कोनत्या रंगाची असते?” मुखरूभाऊंनी मला विचारलं.

मी हिरवी म्हणालो. लटारूभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

शेवटी लटारूभाऊच आम्हाला बोडीकडे घेऊन गेले. मोहाखाली उभं राहून मुखरूभाऊ वर पाहत राहिले, मान दुखेपर्यंत. पालवी तांब्याच्या नव्या भांड्यासारखी होती, उन्हाच्या बाजूला लाल, सावलीत चॉकलेटी. त्यांनी एक डहाळी तोडली आणि खिशात घातली. परत आल्यावर ती शिडीच्या पायरीला बांधून तीन वाट्यांत तीन रंग कालवले. एकही जुळला नाही. त्यांनी चौथी वाटी मागितली.

“तोरा कवा धरतो लटारूभाऊ?” ते वरूनच म्हणाले. मोहाच्या फळाला आमच्याकडे तोरा म्हणतात.

“जेठात. पन भाऊ, पालवी आधी माह्या बाजूनं सुरू करा. आमच्याकडं ऊन पह्यले येते.”

“कोन म्हणते?” उजवीकडून बायनाबाई उठल्या.