रिसालीला नेलेली मोत्यांची माळ

तिकीट मी आधी काढलं आणि मग घरात सांगितलं. नागपूर ते दुर्ग, सकाळची गाडी, खिडकीची जागा.

"कावून जाऊन राहिली तू?" ह्यांनी विचारलं. "त्याइनं नुसतं फोनवर सांगतलं. या म्हनून कोनी म्हनलं का?"

तसं कोणी म्हटलं नव्हतं. मी चालले होते प्रज्ञाच्या लग्नाला. प्रज्ञा माझी सून. माझा मुलगा निशांत तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सहा महिन्यांनी ती माहेरी, भिलाईला परतली आणि एका शाळेत शिकवू लागली. आता भिलाईजवळच्या जामुलच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या आईने फोन करून तारीख सांगितली आणि फोन ठेवला.

माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली, मोत्यांची दुपदरी माळ होती.

आपल्याकडे मोती उगाच कोणी कोणाला देत नाही. सुनेला नथ नाहीतर तन्मणी, भाच्याचे कान टोचले की भिकबाळी. पूर्वी हे मोती बसऱ्याकडच्या समुद्रातून यायचे, हैदराबादच्या बाजारात विकले जायचे आणि तिथून आमच्या विदर्भात पोचायचे. माझ्या सासूचे वडील रेल्वेत होते. त्यांनी हैदराबादहून ही माळ लेकीसाठी आणली. आम्हा बौद्धांच्या लग्नात पांढऱ्याला मान; पांढरी साडी, पांढरे हार. त्यात ही माळ अशी शोभली की घरात रीतच पडली. लग्नातली बुद्धवंदना झाली की सासूने ती नव्या सुनेच्या गळ्यात घालायची. मला सासूने घातली. मी प्रज्ञाला घातली.

आणि मीच ती परत मागितली. निशांतला जाऊन महिना झाला नव्हता. मी तिच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "माळ घरातच राहू दे." तिने ती गळ्यातून काढून माझ्या हातावर ठेवली. एक शब्द बोलली नाही.

हा प्रवास करणार असाल तर दिवसाच करा. गोंदियानंतर जंगल लागतं, दरेकसाजवळ गाडी बोगद्यात शिरते आणि पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. डोंगरगडला डोंगरावरचं मंदिर खिडकीतून दिसतं. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "शादी में जा रही हैं? किसकी?"

"बेटी की," मी म्हणाले आणि उरलेली वाट पर्स घट्ट धरून बसले.

दुर्गला उतरून लोकलने भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनला आले. स्टेशनसमोर साधा, स्वच्छ लॉज मिळाला. रिसालीला, प्रज्ञाच्या माहेरच्या वस्तीत, जायला दीडशे रुपयांत रिक्षा ठरली. वाटेत स्टील प्लांटच्या चिमण्या, क्वार्टरांच्या सरळ रांगा, रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं. इतर वेळी मी दहा फोटो काढले असते. आज मोबाइल पर्समधून काढलाच नाही.

दार प्रज्ञाच्या आईने उघडलं. तिचा चेहरा पाहून वाटलं, तसंच मागे फिरावं. पण तिने आत घेतलं, पाणी दिलं. आत प्रज्ञा बसली होती, दोन्ही हातांवर ओली मेंदी. थोडी बारीक झाली होती.

मी रुमाल उघडला. मेंदी काढणाऱ्या मुली जरा बाजूला सरकल्या.

"हे कावून आनलं, आई?" तिने विचारलं.

"तुयासाठी. उद्या घालशीन."

"तुमी मांगितली तवा मी काढून देल्ली ना? काई बोलली का मी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आता नई चाहिए मुझे. घरातच राहू द्या."

माझेच शब्द होते. प्रज्ञाच्या आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, तो मी तसाच ठेवला. माळ गुंडाळली आणि निघाले.

सकाळी सहाला उठून मी पिशवी भरली. स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी घेतली; इकडे आलात तर ती खाच, शिवाय आलूगुंडा, म्हणजे आपला बटाटावडा. मला दोन घासांपुढे गेलं नाही. नागपूरची गाडी तासाभरात होती. तिकीट खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिले, नंबर आला आणि बाजूला झाले.

अकराला रिसालीतल्या समाजमंदिरात पोचले. अगदी मागच्या खुर्चीवर बसले. ओळखीचे दोन-तीन चेहरे वळले, कुजबुजले. वंदना झाली, पांढरे हार घातले गेले. प्रज्ञाच्या गळ्यात सोन्याची बारीक साखळी होती, मोती नव्हते.

मग एक धिप्पाड बाई सरळ माझ्याकडे आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. नवऱ्या मुलाची आई, शीलाबाई.

"तुमी नागपूरच्या ना? माळ आनली म्हने तुमी."

"तिनं घेतली नाही."

"काय म्हनून देऊन राहिल्या होत्या?"

"आमच्या घरची रीत आहे. सासूनं सुनेला द्यायची."

"तं आता ते माया घरची सून हाय," शीलाबाई म्हणाल्या. मी उठायला लागले. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "बसा. मले राग नाई आला. पन तुमी तिले भेट देऊन राहिल्या, बाई. तिची वस्तू तुमी घेतली होती. भेट कायची? वापस करा, अन् चुकली म्हना."

तीन वर्षांत मी हे स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

स्टेजवर आहेर द्यायला रांग होती. मी रांगेत उभी राहिले. पुढे बारा-पंधरा माणसं, हातात पाकिटं. माझा नंबर आला तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "मौसी, इधर देखिए." मी तिकडे पाहिलं नाही.

"हे आहेर नाई, प्रज्ञा," मी म्हणाले. "तुयीच हाय. मी मांगाले नाई पायजे होती. मी चुकली."

मागचा माणूस खाकरला. मग तिने मेंदीचा हात पुढे केला, रुमालासकट माळ घेतली आणि मांडीवर ठेवली. हसली नाही, पाया पडली नाही. "जेवून जा," एवढंच म्हणाली.

मी जेवले. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. आदल्या दिवसापासूनचं पहिलं पोटभर जेवण.

परतीच्या गाडीत पर्स नुसती बाजूला पडली होती. घरी ह्यांना सगळं सांगितलं. "घालीन का प्रज्ञा?" ह्यांनी विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. आणि खरंच, ते विचारायचा हक्क आता मला नव्हता. लग्नात कितीतरी जणींना आपण दागिने देतो आणि मनात मात्र ते आपल्याच कपाटात ठेवतो. या प्रवासातून मी काय आणलं विचाराल तर एवढंच, की हे कळलं.

दोन महिन्यांनी प्रज्ञाचा फोन आला. मागे शाळेतला गोंगाट.

"आई, मोत्याले घाम लागते. पिवळे पडतीन का?"

"ओल्या मलमलीनं पुसायचे. साबण नाही, सेंट नाही," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "रोज घालतं का?"

"हो ना. पोरी विचारतात, मॅडम, किसने दी?"

"मंग काय सांगतं?"

"सांगतो, मायीच हाय."